आप्पांची परतभेट

चीनमधल्या कँटन शहरातल्या शेवटच्या दिवशी आम्ही तेराही जण पांढरेशुभ्र कपडे घालून नाश्त्याला खाली उतरलो, आणि चहा ओतणाऱ्या मुलीचा हात कपावर तसाच थांबला. तिने आमच्याकडे नीट पाहिलं, किटली टेबलावर ठेवली आणि आत निघून गेली. जरा वेळाने आत वाजणारा रेडिओ बंद झाला. मग हॉटेलचे व्यवस्थापक बाहेर आले, आमच्या टेबलापाशी उभे राहिले, कमरेत वाकले आणि परत गेले.

"बघा," गुरुजी आम्हाला म्हणाले, "माणूस नीटनेटका असला की जगात कुठेही मान मिळतो."

गुरुजी म्हणजे आमच्या सहलीचे पुढारी. नाशिकरोडच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, पण निवृत्त झाल्याचं त्यांना कोणी कळवलेलं दिसत नव्हतं. गळ्यात शिट्टी, खिशात यादी. प्रत्येकाला त्यांनी नंबर दिला होता आणि बस सुटण्याआधी ते नंबर पुकारायचे. मोठमोठी माणसं, कोणी कारकून, कोणी शिक्षक, कोणी दोन-चार एकरांचे शेतकरी, सगळे निमूटपणे "हजर" म्हणायचे. मी तेव्हा तिशीची होते, एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते, आणि घोळक्याने फिरण्याचा मला पहिल्यापासून तिटकारा. शिट्टी वाजली की माझं डोकं फिरायचं.

त्यातून माझा नंबर सात. तो मुळात माझा नव्हताच. तो आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा होता.

सत्तरच्या दशकात, मी शाळेत असताना, आप्पा आमच्या कॉलनीतल्या पोरांना रविवारी लेण्यांवर घेऊन जायचे. फिटर माणूस, आठवडाभर यंत्रांशी झटायचा आणि रविवारी आमच्याशी. डोंगराच्या पायऱ्या चढून आम्ही घामाघूम झालो की ते आम्हाला सावलीत बसवायचे, डब्यातली भाकरी वाटायचे आणि सांगायचे, की फार पूर्वी चीनमधून भिक्षू निघाले आणि वाळवंट, बर्फ तुडवत वर्षानुवर्षं चालत आपल्या देशात आले. कशासाठी? बुद्धाची भूमी बघायला. एवढं सांगून ते आमच्या तोंडाकडे बघायचे आणि ठरलेला प्रश्न विचारायचे. "मग आपल्यातलं कोण गेलं तिकडे? घरी पाहुणा येऊन गेला की आपण एकदा तरी त्याच्याकडे जातो की नाही? परतभेट राहिली आहे आपली."

हे आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांनी "परत" म्हटलं की पोरं "भेट" म्हणायची. आई तर घरी त्यांना सोडायचीच नाही. तिचं माहेर नामपूरचं. "आधी नामपूरची परतभेट करा," ती म्हणायची, "माझा भाऊ तीनदा येऊन गेला. चीनचं मग बघू."

पुढे ऐंशीच्या दशकात, चीनला जाणं आपल्या लोकांना जरा सोपं झालं तेव्हा, मुंबईच्या कोणा मंडळाच्या ओळखीने गुरुजींनी नाशिक जिल्ह्यातल्या बौद्ध कुटुंबांची एक सहल ठरवली. आप्पांनी नाव दिलं. पासपोर्ट काढला. पासपोर्टच्या फोटोत त्यांचा चेहरा असा आहे, की जणू कॅमेऱ्यामागे कोणी तरी विनोद सांगतंय. आणि थंडीत, पाच दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन, ते गेले.

गुरुजी घरी आले, आईपाशी बसले आणि म्हणाले, जागा रिकामी ठेवायची नाही, पोरीला पाठवा. मी नाही म्हटलं. रागच आला मला. आप्पांच्या जागेवर मी कशी बसू? आईने माझ्याशी वाद घातला नाही. निघायच्या आदल्या दिवशी तिने एक प्लॅस्टिकची पिशवी माझ्या हातात दिली. आत अर्धी जळलेली मेणबत्ती होती. आप्पा गेल्यानंतरच्या वंदनेला, पुण्यानुमोदनाला, त्यांच्या फोटोपुढे लावलेली. अर्धी झाल्यावर आईने ती फुंकून ठेवून दिली होती, हे मला माहीतच नव्हतं.

"ही तिथल्या विहारात लाव," आई म्हणाली. "ही तिथे पेटली की ते पोचले, असं मी समजेन. मग मला काही नको."

अशी ती मेणबत्ती पर्समध्ये घेऊन मी दहा दिवस चीनभर फिरले. आम्हाला ट्रॅक्टरचा कारखाना दाखवला, दोन पूल दाखवले, लहान मुलांचा नाच दाखवला, पुन्हा एक पूल दाखवला. विहार मात्र कार्यक्रमात एकच होता, तोही शेवटच्या दिवशी, कँटनला. कोणाला मी मेणबत्तीचं बोलले नाही. सांगितलं असतं तर गुरुजींनी तिलाही नंबर दिला असता.

विहारात जायचं म्हणून ते पांढरे कपडे. आमच्यात हे कोणाला सांगावं लागत नाही. वंदनेला, बुद्धपौर्णिमेला, कॉलनीतली बायामाणसं पांढऱ्यातच येतात. गुरुजींनी तर नाशिकहून निघतानाच फर्मान काढलं होतं, प्रत्येकाने एक पांढरा जोड इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळून, बॅगेच्या तळाशी ठेवायचा आणि त्या दिवसापर्यंत उघडायचा नाही. त्या सकाळी तेरा पुडकी उघडली. पुरुष पांढऱ्या सदऱ्यांत, बायका बिनकाठाच्या पांढऱ्या साड्यांत. आम्हाला आम्हीच इतके आवडलो की जिन्यातल्या आरशापुढे गर्दी झाली.

बाहेर मात्र रात्रीपासून पाऊस लागला होता. थांबायचं नाव नाही. माझ्या शेजारी पिंपळगाव बसवंतचे काका बसले होते, द्राक्षवाले. पाऊस जगात कुठेही पडो, काकांना आपली बागच आठवायची.

"लय पानी हाय," ते खिडकीतून बघत म्हणाले. "आमच्याकडं असं ऐन मालात पडलं असतं ना, मणी तडकून सत्यानास झाला असता. आता बाग रिकामी हाय म्हणून बरं."

"काका, कँटनच्या पावसाचा तुमच्या बागेशी काय संबंध?"

"ढगाला काय वाट माहीत नाय व्हय?" काका म्हणाले.

तेवढ्यात आमची दुभाषी आली. मुलगी माझ्याहून थोडी लहान, दोन वेण्या, पायात रबरी बूट. ती पेकिंगला हिंदी शिकली होती, भारत कधी पाहिला नव्हता, आणि तिची हिंदी इतकी शुद्ध होती की आम्हालाच अर्थ लावायला लागायचा. पहिल्या दिवशी बसमध्ये ती म्हणाली, "कृपया अपना-अपना स्थान ग्रहण कीजिए," तर सगळे उभेच. शेवटी काकांनी खुलासा केला, "बसा म्हनती."

ती दारातून हसत आत आली आणि आम्हाला पाहून तिचं हसू मावळलं. छत्री हातात तशीच, पाणी खाली गळतंय.

"आप सब लोग?" तिने गुरुजींना हळूच विचारलं.

"सब लोग!" गुरुजी छाती काढून म्हणाले. "तेरह के तेरह!"

तिने मान खाली घातली. मग अगदी दबल्या आवाजात तिने सांगितलं की वर्षा के कारण मार्ग में जल भर गया है, म्हणून मंदिराचा कार्यक्रम स्थगित करण्यात येत आहे, त्याऐवजी यंत्रांचं प्रदर्शन पाहू.

दहा दिवस मी शिट्टी सहन केली होती, पूल सहन केले होते. त्या एका वाक्याने माझा तोल गेला. मी उठले, पर्स टेबलावर उपडी केली, पिशवी फाडून मेणबत्ती बाहेर काढली आणि तिच्यापुढे धरली.

"ये वहीं जलाने का है!" मी ओरडले. रागात माझी हिंदी आणखीच नाशिकची होते. "वहीं! मशीन नहीं मंगता मेरे को! मैं पैदल जाएगी, पानी में जाएगी, लेकिन जाएगी!"

आणि एवढं बोलून मला रडू फुटलं. रागाचं रडू, ज्याची नंतर लाज वाटते तसलं. गुरुजींची शिट्टी तोंडाशी गेली होती, ती तिथेच राहिली.

दुभाषीने आधी मेणबत्तीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने माझे दोन्ही हात धरले. "आप निश्चिंत रहिए," ती म्हणाली आणि तरातरा टेलिफोनकडे गेली. काचेपलीकडे ती बराच वेळ कोणाशी तरी बोलत होती, एका हाताने हवेत काहीतरी समजावत. परत आली ती थेट माझ्याकडे. मंदिरात जायचं. आत्ताच. तिथे सगळी व्यवस्था होते आहे.

"बघा, आपल्या पोरीचा दरारा," काका म्हणाले. मी डोळे पुसले आणि मनातून सुखावले, खोटं कशाला बोलू.

हॉटेलने आम्हाला तेरा काळ्या छत्र्या दिल्या. बस निघाली. पहिल्या चौकात एका म्हातारीकडे बादलीभर पांढरी शेवंती दिसली, तर गुरुजींनी बस थांबवून फुलं घ्यायला लावली. विहारात रिकाम्या हाताने कसं जायचं? म्हातारीने आमच्याकडे पाहून एकेक जुडी दोन्ही हातांत धरून, मान लववून दिली. गुरुजींनीही मान लववली. पुढे एक रस्ता पाण्याखाली होता. ड्रायव्हरने बस बाजूला घेतली आणि हात वर केले.

"चालत!" गुरुजी म्हणाले. शिट्टी वाजली. "दोन-दोनच्या जोड्या! फुलं उजव्या हातात!"

गुरुजी पुढे, मागे आमच्या सहा जोड्या. माझे जोडीदार काका. साड्या हातभर वर खोचलेल्या, चपला हातात, घोट्याच्या वर पाणी. आणि तो पाऊस! सरी नव्हेतच, सलग ओतत होता. रस्त्याने शेकडो सायकली चाललेल्या, प्रत्येकाच्या अंगावर प्लॅस्टिकचा मोठा झगा, हँडलवरून पुढे पसरलेला, कोणाचा पिवळा, कोणाचा निळा, कोणाचा जांभळा. दुकानांपुढे खांबांचे लांब ओटे, वरचा मजला रस्त्यावर पुढे आलेला, त्याखालून लोक कोरडे चालत होते. आम्ही पाण्यातून वर त्या ओट्यावर चढलो.

आणि काय सांगू, लोक आम्हाला वाट देत होते. बाजूला होत होते, भिंतीला चिकटून उभे राहत होते. एका न्हाव्याने वस्तरा थांबवला. अर्धी दाढी झालेलं त्याचं गिऱ्हाईक खुर्चीतून उठून उभं राहिलं. रस्ता ओलांडायची वेळ आली तर हवालदाराने दोन्ही हात पसरून अख्खी वाहतूक रोखली आणि टोपी काढून हातात घेतली. सायकलवाले उतरले. पिवळे, निळे, जांभळे झगे पावसात एका ओळीत थांबले.

"ह्याला म्हंत्यात मान!" काका माझ्या कानाशी ओरडले. "बुद्धाच्या देशातली मानसं म्हणून!"

गुरुजींना तर भरून आलं होतं. आयुष्यभर त्यांच्या शिट्टीला एवढ्या लोकांनी दाद दिली नव्हती. त्यांनी फुलांचा हात वर केला आणि डावीकडे, उजवीकडे हलवायला सुरुवात केली. हसून. ते करतात म्हणून आम्हीही. तेराच्या तेरा जण पांढऱ्या कपड्यांत, काळ्या छत्र्यांखाली, शेवंती हलवत, दात काढून हसत चाललो होतो. लोकांनी मात्र उलट हात हलवले नाहीत. ते नुसते बघत होते. आम्ही म्हटलं, लाजाळू आहेत.

एका भाजीच्या दुकानापाशी काका ओळ सोडून थांबले. त्यांनी टोपलीतला एक कांदा उचलला, दाबून पाहिला, वास घेतला. दुकानदार बाईने तो कांदा त्यांच्या हातातच ठेवून मूठ मिटवली आणि छातीशी हात नेऊन काहीतरी हळू बोलली.

"काय म्हनली?"

"कांदा घ्या म्हणाली असेल."

"नाशिकच्या मानसाला कांदा!" काका इतके हसले की त्यांची छत्री उलटी झाली. मीही हसले. चपला, छत्री आणि साडी सावरत, तिथेच उभी राहून, पोट दुखेपर्यंत हसले. हसता हसता माझ्या लक्षात आलं, की थंडीनंतर मी पहिल्यांदाच हसत होते. दुभाषी वळून माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर एवढी काळजी होती की मला तिची गंमत वाटली.

विहाराच्या दारात दहा-बारा भिक्षू दोन रांगा करून पावसात उभे होते. घंटा वाजत होती, एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा ठोका. आम्ही पाय धुतले आणि आत गेलो. आत उंच, सोनेरी, शांत मूर्ती. गुरुजींनीसुद्धा शिट्टी सदऱ्याच्या आत टाकली.

मग एक वृद्ध भिक्षू पुढे आले. त्यांच्या हातात पिवळा कागद आणि कुंचला होता. दुभाषी त्यांच्याबरोबर थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि तिच्या त्या शुद्ध हिंदीत म्हणाली, "कृपया दिवंगत का शुभ नाम बताइए।"

"दिवंगत?" गुरुजी मधे आले. "कौन दिवंगत?"

दुभाषी गोंधळली. "जिनके लिए आप सब शोक में हैं।"

"शोक? हमको काहे का शोक? हम तो एकदम खुश हैं!"

ते तर अख्ख्या कँटनने पाहिलं होतं. दुभाषीने आमच्या कपड्यांकडे बोट केलं, फुलांकडे केलं, आणि अडखळत सांगितलं. तिच्या देशात अंगभर पांढरं नेसतात ते घरात मृत्यू झाला तरच. पांढरी शेवंती देतात ती मृताला. तिच्या पुस्तकात लिहिलेलं होतं, भारतातही शोकात पांढरं घालतात. सकाळी तिला वाटलं, रात्री आमच्या देशातून काही बातमी आली. मग मी मेणबत्ती घेऊन रडले, तेव्हा तिची खात्रीच झाली. तिने विहाराला फोन करून मृतासाठीचा विधी करायची विनंती केली होती. हे सगळे भिक्षू त्यासाठी जमले होते.

मला तो हवालदार आठवला, टोपी हातात घेतलेला. तो न्हावी. ती कांदावाली बाई, छातीशी हात नेणारी. आणि आमचे गुरुजी, शेवंती हलवत, हसत. प्रेताच्या मागे चालणारी एवढी आनंदी माणसं त्या शहराने आधी कधी बघितली नसतील. माझ्या शेजारी काकांचं पोट हलायला लागलं होतं. ते दातांत ओठ धरून मूर्तीकडे बघत होते.

गुरुजींचा चेहरा मात्र लालबुंद झाला. "बेटी," ते म्हणाले, "भूल हो गया. कोई नहीं मरा. इनको बोलो, माफ करो."

दुभाषीने तोंडावर हात धरला. तिचे डोळे भरले. एवढ्या पावसात, एवढ्या वडील माणसांना तिने खोट्यासाठी उभं केलं होतं, आणि आता हे तिलाच त्यांना सांगायचं होतं. वृद्ध भिक्षू शांतपणे कुंचला धरून उभे होते.

"नाम है," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. सगळे माझ्याकडे वळले.

मी आप्पांचं नाव सांगितलं. नुसतं नाही, पूर्ण. त्यांचं, त्यांच्या वडिलांचं, आडनाव, मु. पो. नाशिकरोड, जिल्हा नाशिक, सगळं. "मेरे पिताजी," मी म्हटलं. "वो इधर आने वाले थे. सात नंबर उनका है."

गुरुजींनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. तो ओला सदरा, त्याने चष्मा आणखीच धुरकट झाला. काकांचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

आप्पांचं नाव चिनी अक्षरांत बसवणं सोपं नव्हतं. दुभाषी एकेक तुकडा मोठ्याने म्हणायची, मी मान हलवायची, ती पुन्हा म्हणायची. आडनावाशी तर तिने चारदा झटापट केली. शेवटी जमलं. भिक्षूंनी ते कागदावर वरून खाली लिहिलं. मी मेणबत्ती काढली. पिशवी मी सकाळी रागाने फाडली होती, पण पदरात घट्ट बांधलेली असल्यामुळे मेणबत्ती बरीच कोरडी होती. वात चरचरली, दोनदा विझली. काका पुढे झाले आणि त्यांनी वाऱ्याच्या बाजूने दोन्ही तळहातांचा आडोसा केला. तिसऱ्यांदा ती पेटली आणि पेटलीच राहिली.

मग भिक्षूंनी लाकडी ठोकळ्यावर ठेका धरून म्हणायला सुरुवात केली. त्यांचं थांबलं तसं गुरुजींनी हळू आवाजात आमचं त्रिसरण, बुद्धं सरणं गच्छामि, सुरू केलं, आम्ही बारा जणांनी उचललं. भिक्षूंनी आम्हाला थांबवलं नाही, ते त्यांच्या भाषेत पुन्हा सुरू झाले. दोन्ही चाली जुळत नव्हत्या. आमची संपायच्या जागी त्यांची चढायची. तरी कोणाला घाई नव्हती. बाहेर पाऊस कौलांवरून धो धो खाली येत होता, आणि मी रडत होते, पण सकाळसारखं नाही.

शेवटी वृद्ध भिक्षूंनी तो पिवळा कागद उचलला आणि लोखंडी भांड्यात धरून पेटवला. मी दचकून पुढे झाले. आप्पांचं नाव! दुभाषीने माझा दंड धरला.

"यही विधि है," ती कुजबुजली. "इससे नाम पहुँच जाता है।"

परत जाताना बसमध्ये आम्ही सगळे निथळत होतो. मग मागून कोणी तरी म्हणालं, "गुरुजी, त्या हवालदाराला तुम्ही दोनदा हात हलवला," आणि बस हसण्याने हलायला लागली. गुरुजी पहिल्यांदा रागावले, मग तेही हसले. दुभाषीला मी हिंदीत सगळं नीट समजावलं, आमच्याकडे पांढरं का नेसतात ते. तिने वहीत लिहून घेतलं. "मुझसे बड़ी भूल हुई," ती म्हणाली. मी म्हटलं, राहू दे गं, भूल आम्ही केली आणि तू सुधारलीस. हे मी मराठीतच म्हटलं, आणि तिला कळलं. तिने वहीतलं एक पान फाडलं, त्यावर आप्पांचं नाव पुन्हा लिहिलं आणि घडी घालून मला दिलं.

गुरुजींनी यादी काढली. एक, दोन, तीन. सहा म्हणून ते थांबले. माझ्याकडे न बघता, अगदी हळू त्यांनी विचारलं, "सात?"

"हजर," मी म्हटलं. त्या दिवशी मला तो नंबर आवडला.

नाशिकरोडला घरी पोचले तेव्हा आई दारातच उभी होती. प्रवास कसा झाला, जेवलीस का, काही नाही.

"लावली?"

"लावली," मी म्हटलं. मग पंख्याखाली बसून मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. किटलीवाल्या मुलीपासून. गुरुजी हात हलवत निघाले तिथे आईने पदर तोंडाला लावला. कांद्यापाशी ती भिंतीला टेकली आणि "बास, बास" म्हणत डोळे पुसायला लागली. "ते असते ना," ती म्हणाली, "तर त्यांनी सगळ्यात जोरात हात हलवला असता."

मी पर्समधून वहीचं पान काढून तिच्यापुढे उलगडलं.

"हाई काय शे?" तिने विचारलं. नामपूरची बोली तिच्या तोंडून अशाच वेळी निघायची.

"आप्पांचं नाव."

आईने कागद दोन्ही हातांत धरला. आडवा केला, उभा केला. "कुठून वाचायचं?"

"वरून खाली."

तिने वरच्या अक्षरावर बोट ठेवलं आणि सावकाश, एकेका अक्षरावर थांबत, खाली आणलं. शेवटच्या अक्षराखाली कागद कोरा होता. तिथे तिचं बोट टेकून राहिलं.

"पोचले," आई म्हणाली.